चिलटाची झोप आणि चिलटाचं नाक

पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. मराठीत तिला सर्रास 'फळमाशी' म्हणतात खरं, पण शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो ती फळमाशी निराळ्याच कुळातली. या चिलटाच्या झोपेवरचं अलीकडचं कोणतंही संशोधन उघडा, त्यात वासाचा विषय हमखास निघतो. झोपेचा वासाशी काय संबंध? तो आधी कोणी शोधायला गेलं नव्हतं. दोन वेगळ्या वाटा मेंदूतल्या एकाच जागी येऊन मिळाल्या, एवढंच.

दोन्ही वाटा निघाल्या मात्र एकाच घरातून. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत सीमोर बेंझर हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. एकेक जनुक बिघडवून वागणुकीत काय बदलतं ते पाहू, असं त्यांनी ठरवलं, तेव्हा अनेकांना तो खुळेपणा वाटला. त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का याने माशा कोषातून कधी बाहेर पडतात यावर नजर ठेवली. एरवी त्या पहाटेच्या सुमारास बाहेर येतात. ड्रोसोफिला या नावाचा अर्थच 'दवाची आवड असलेली'. भलत्याच वेळी उगवणाऱ्या माशा त्याने वेगळ्या काढल्या. 1971 मध्ये त्याने तीन वाण जाहीर केले: एकाचा दिवस 19 तासांचा, दुसऱ्याचा 28 तासांचा, तिसऱ्याला दिवसरात्रीचं भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले. शरीरातलं दिवसरात्रीचं घड्याळ चालवणाऱ्या त्या 'पीरियड' जनुकाच्या पुढच्या कामाला 2017 चं नोबेल मिळालं; कोनोप्का तोवर हयात नव्हता.

त्याच प्रयोगशाळेत 1974 मध्ये माशांना वास शिकवला गेला. नळीत एक वास सोडायचा आणि सोबत विजेचा सौम्य झटका द्यायचा. दुसरा वास सोडायचा, पण झटक्याविना. नंतर माशा पहिल्या वासापासून लांब राहतात. दोन वर्षांनी न शिकणारा वाण सापडला, त्याचं नाव पडलं 'डन्स', म्हणजे ढ. याच सुमारास बेंझर यांच्यासोबत काम केलेले ओबेद सिद्दीकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर वास नीट न येणारे वाण शोधत होते. गंधाच्या जनुकशास्त्राच्या इतिहासात या कामाचा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही, असं मला वाटतं.

झोपेचं काय? घड्याळ सापडलं, पण माशी झोपते का, हा प्रश्न जवळपास तीस वर्षं तसाच पडून राहिला. 2000 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी तो सोडवला. बोटभर काचनळीत एक माशी, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, मध्ये अवरक्त किरण. माशी येरझाऱ्या घालते तोवर किरण तुटत राहतो. तो बराच वेळ अखंड राहिला की माशी निश्चल आहे हे कळतं, आणि पुढे सलग पाच मिनिटांची निश्चलता म्हणजे झोप, असा दंडक पडला. अशा माशीला उठवायला जास्त जोराचा धक्का लागतो. रात्रभर जागवली तर ती दुसऱ्या दिवशी झोप भरून काढते. कॅफिन दिलं की तिचीही झोप उडते.

आता या दोन वाटा मिळतात ती मेंदूतली जागा. शृंगिकांवरच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवरच्या, चेतापेशी वास टिपतात, सुमारे पन्नास गाठींमध्ये तो प्रकारवार वाटला जातो आणि तिथून 'मश्रूम बॉडी' या अळंबीच्या आकाराच्या भागात पोचतो. तिथे दर बाजूला साधारण 2,000 'केनियन' नावाच्या चेतापेशी असतात, पण एका वासाला त्यातल्या मोजक्याच जाग्या होतात. त्यामुळे दोन वासांची गल्लत होत नाही. 1994 मध्ये नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांना हायड्रॉक्सियुरिया हे पेशींची विभागणी रोखणारं औषध खाऊ घालून हा भाग वाढूच दिला नाही. मोठ्या झालेल्या माशांना वास येत होता, झटकाही जाणवत होता. दोहोंची सांगड मात्र घालता येत नव्हती. 2006 मध्ये झोपेचं केंद्र शोधणाऱ्यांनी हेच औषध वापरलं, तर माशा कमी झोपू लागल्या. त्याच वर्षी दुसरा गटही वेगळ्या मार्गाने याच पेशींपाशी पोचला.

पुढचा धागा आठवणीचा. 2021 मधल्या एका प्रयोगात पोटभर खाल्लेल्या माशांना शिकलेला वास लक्षात राहण्यासाठी झोप लागली, तर उपाशी माशांना झोपेवाचूनही तो आठवला. दोन्ही वेळा मश्रूम बॉडीतल्या वेगवेगळ्या पेशी कामी आल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला दिसलं की झोपलेली माशीही वासावासांत फरक करते. महत्त्वाचा वास असेल तर उठते, नाहीतर झोपून राहते.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: 1,39,255 चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींच्या वर सांधे. आता झोपेवर काम करणारा कोणीही वासाच्या पेशीपासून तार धरून थेट मश्रूम बॉडीपर्यंत जाऊ शकतो. मात्र हा नकाशा एकाच मादीचा आहे, आणि ती तेव्हा भुकेली होती की पोट भरलेली, हे नुसत्या जोडणीवरून कळत नाही.