कोकण रेल्वेचे दरडसंरक्षण व मिरज वळणमार्ग

कोकण किनाऱ्यालगतच्या लोहमार्गाचे पावसाळ्यात दरडींपासून रक्षण करण्याची व्यवस्था, तसेच तो बंद पडल्यास गाड्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुणे–मिरज मार्गाने कर्नाटकातील लोंढा जंक्शनकडे वळवण्याची पद्धत. पहिली अपुरी पडते तिथे दुसरी सुरू होते, म्हणून येथे दोन्ही एकत्र घेतल्या आहेत.

रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हा सुमारे ७४१ किमी.चा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग खुला झाला. डोंगर कापून काढलेली खोल कटिंगे हे त्याचे दुखणे. दरडी नेमक्या कशामुळे येतात, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार कटिंगांचे उतार मुळातच उभे ठेवले गेले. जमीन अधिक घेऊन पायऱ्या काढल्या असत्या तर बराच धोका टळला असता. दुसरे मत खडकाच्या झिजेवर भर देते. वर सच्छिद्र जांभा, खाली कुजून चिकणमाती झालेला थर, त्याखाली अभेद्य कातळ, अशी रचना अनेक ठिकाणी आहे. जांभ्यातून मुरलेले पाणी मातीच्या थरावर अडते, दाब वाढतो आणि वरचा भाग सुटतो. बेसॉल्टच्या (काळ्या अग्निजन्य खडकाच्या) थरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्याही अशाच घसरतात. उतार सौम्य केल्यानंतरही रत्नागिरी जिल्ह्यातील निवसर, पोमेंडी यांसारख्या ठिकाणी त्रास दीर्घकाळ राहिला, हे पाहता दुसऱ्या मताकडे झुकते माप द्यावे लागते. मात्र सुटे दगड घरंगळण्याच्या घटनांना पहिले मत अधिक लागू पडते.

२२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरून पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून कोसळली. त्यानंतर उतारांवर लोखंडी जाळ्या, खडकात रोवलेले बोल्ट, फवारलेले काँक्रीट, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या) भिंती आणि माथ्यावरची निचऱ्याची गटारे यांना वेग आला. जाळीवर दगड आदळताच गाडीचालकाला इशारा मिळावा, यासाठी ‘रक्षा धागा’ ही यंत्रणा कोकण रेल्वेने स्वतः विकसित केली. तरीही कंदील आणि झेंडी घेऊन रात्रभर कटिंगांतून फिरणाऱ्या गस्तवाल्याची जागा कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही, आणि या मार्गावरील सुरक्षिततेचे मोठे श्रेय त्यालाच दिले पाहिजे. मुसळधार पावसात दिसेनासे झाल्यास गाड्या ताशी ४० किमी.पर्यंत हळू चालवण्याचा आदेश असतो. गाड्यांचा वेग कमी ठेवणारे पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे होते. २०२५ मध्ये हा काळ कमी करण्यात आला.

वळणमार्ग : पुणे–सातारा–मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने मीटरगेजवर (एक मीटर अंतराच्या रुळांवर) बांधला. तो १८९०च्या सुमारास टप्प्याटप्प्याने पूर्ण झाला असावा. संपूर्ण मार्गाला एकच वर्ष लावण्यापेक्षा टप्पेवार कालगणना ग्राह्य वाटते. पुणे–मिरज भाग १९७१ मध्ये ब्रॉडगेज (अधिक रुंद रुळांचा) झाला, मिरज–लोंढा भाग १९९०च्या दशकात. म्हणजे कोकण रेल्वे पुरी होत असतानाच तिला हा आधार मिळाला; त्याआधी मिरजेला गेज बदलत असल्याने थेट गाडी वळवणे शक्यच नव्हते. साताऱ्यातला सालपे–आदर्की–वाठार हा चढाचा टप्पा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडत असताना फलटणकडे तो पाचशेच्या आसपास राहतो, त्यामुळे येथे दरडींचा उपद्रव कोकणाच्या मानाने कमी.

ऑगस्ट २०२० मध्ये गोव्यातील पेडणे बोगद्याची भिंत कोसळल्यावर काही आठवडे, आणि जुलै २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दिवाणखवटी बोगद्याजवळ माती आल्यावर, गाड्या पुणे–मिरज–लोंढा–मडगाव अशा वळवल्या गेल्या. रत्नागिरी, कणकवली, कुडाळ ही स्थानके अशा वेळी वगळली जातात. तिथल्या प्रवाशांना एसटीशिवाय पर्याय उरत नाही.

या व्यवस्थेची मर्यादा जुलै २०२१ मध्ये उघड झाली. २२ जुलैपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी. पाऊस झाला. वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणजवळ कोकण रेल्वे थांबली. मिरजमार्गे वळवलेली मंगळुरू–मुंबई गाडी २३ तारखेला गोव्यातील दूधसागर–सोनावली दरम्यान दरडीमुळेच घसरली. पर्यायी मार्गही सह्याद्री ओलांडतो, आणि तो ओलांडण्याची जागा त्याच पावसाच्या माऱ्यात आहे. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली, तर आंबेनळी घाट वाहतुकीस बंद झाला.

कराड–चिपळूण आणि वैभववाडी–कोल्हापूर हे जोडमार्ग प्रस्तावित आहेत. त्यांपैकी पहिला पाटण तालुक्यातून जाणार असल्याने मार्गाची आखणी ठरवताना तिथल्या उतारांचे सर्वेक्षण आधी व्हावे लागेल. सध्या घाटाखालची व घाटावरची ये-जा कुंभार्ली, आंबा आणि करूळ यांसारख्या घाटरस्त्यांवरच अवलंबून आहे.