कोरी पट्टी महत्त्वाची

थायरॉइडची गोळी सुरू असलेल्या घरात टी-थ्री, टी-फोर, टीएसएच ही नावं सगळ्यांना पाठ असतात. रिपोर्टवरचे ते आकडे रक्तातले. टी-थ्री आणि टी-फोर या थायरॉइड हार्मोनचं काम मात्र पेशीच्या आत चालतं. ते आत शिरतं कसं? पेशीच्या तेलकट पडद्यातून आपोआप झिरपत असेल, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं.

2003 मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी दाखवलं की एमसीटी-8 नावाचं प्रथिन हे हार्मोन पडद्यापार नेतं. पुढच्याच वर्षी या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असलेली मुलं सापडली. त्यांच्या रक्तात टी-थ्री वाजवीपेक्षा जास्त, आणि मेंदू मात्र उपाशी. मान धरत नाही, बोलता येत नाही. अमेरिकेत अ‍ॅलन, हर्नडन आणि डडली यांनी 1944 मध्ये एका कुटुंबात नोंदवलेला आजार हाच होता, हेही मग उलगडलं. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो.

हे प्रथिन मेंदूत नेमकं कुठे बसलेलं असतं, हे पाहायला अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारं दुसरं प्रथिन, लागते. एमसीटी-8 पेशीच्या पडद्यातून 12 वेळा आरपार जातं आणि त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आत राहतात. अशा एखाद्या टोकाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनवतात, मोठ्या प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याला परकं समजून अँटीबॉडी तयार करतं. रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, मेंदूच्या पातळ कापावर सोडायच्या आणि त्या जिथे चिकटतील तिथे रंग आणायचा.

खरी अडचण इथूनच सुरू होते. रंग आला म्हणजे एमसीटी-8 सापडलं, असं नाही. अँटीबॉडी दुसऱ्याच, थोड्याफार सारख्या प्रथिनालाही चिकटू शकते. नमुन्यातली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात, त्या वेस्टर्न ब्लॉट पद्धतीत आणखी एक फसगत होते: नेहमीच्या सवयीने नमुना उकळला, तर पडद्यातली अशी प्रथिनं एकमेकांत गुंतून गोळा होतात, जेलमध्ये वरच अडकतात आणि अपेक्षित जागी पट्टा दिसत नाही. म्हणून माझ्या मते अँटीबॉडीची सगळ्यात चोख परीक्षा म्हणजे हे जनुकच काढून टाकलेला उंदीर. ब्लॉटवर त्याच्या नमुन्याची पट्टी कोरी राहिली पाहिजे, म्हणजे तिच्यात एमसीटी-8 चा पट्टा दिसता कामा नये. ही कोरी पट्टी शेजारी नसेल, तर कितीही सुंदर रंगलेल्या चित्रावर मी विश्वास ठेवणार नाही.

याच उंदरांनी एक कोडंही घातलं. त्यांच्या रक्तातला टी-थ्री त्या मुलांसारखाच वाढलेला, पण चालणं-फिरणं जवळजवळ ठीक. अँटीबॉडीने मेंदूच्या केशवाहिन्या रंगवल्यावर कारण दिसू लागलं. उंदराच्या केशवाहिन्यांत ओएटीपी-1सी1 नावाचा दुसरा वाहक भरपूर असतो आणि तो टी-फोर आत घेतो. माणसाच्या केशवाहिन्यांत तो फारच कमी. आपल्याकडे एक दार बंद झालं, की दुसरं जवळपास नसतंच.

2014 मध्ये दोन्ही वाहक नसलेले उंदीर तयार झाले. त्यांचा मेंदू हार्मोनविना राहिला आणि त्या मुलांसारखा हालचालींचा त्रास त्यांच्यातही दिसला. एमसीटी-8 च्या मदतीशिवाय पेशीत शिरणारं ट्रायक हे औषध युरोपात 2025 मध्ये मंजूर झालं. रक्तातला वाढलेला टी-थ्री ते खाली आणतं. मेंदूची भूक भागवायची, तर ते किती लवकर सुरू करावं लागेल, यावर अजून काम चालू आहे.