स्लॉट कार रेसिंग

विजेवर चालणाऱ्या लघुरूप मोटारी खाच पाडलेल्या मार्गावरून पळवण्याचा छंद व स्पर्धात्मक खेळ. गाडीच्या पुढील भागाखालचे पाते मार्गातील खाचेत बसते आणि खाचेच्या दोन्ही कडांना बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर गाडीखालच्या विणलेल्या तांब्याच्या तारा घासत गेल्याने मोटरला वीज मिळते. दिशा खाचच ठरवत असल्यामुळे खेळाडूच्या हाती केवळ वेग उरतो, आणि म्हणूनच हा खेळ दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. वळणावर वेग जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊन पाते खाचेतून निसटते. फार कमी ठेवला तर शेजारचा पुढे निघून जातो. हातातील कंट्रोलरचा ट्रिगर पूर्ण सोडला की मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर जनित्रासारखी वागून स्वतःच्याच गतीला विरोध करते, आणि गाडीला ब्रेक लागतो.

ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या चावीच्या गाड्यांना विजेची मोटर बसवून १९५७ मध्ये स्केलेक्सट्रिक हा संच आणला. घरगुती संचांत १:३२ व त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्या रूढ आहेत. मोठ्या व्यावसायिक मार्गांवर मुख्यतः १:२४ प्रमाणाच्या गाड्या धावतात.

या मार्गांचा बहर १९६० च्या दशकात अमेरिकेत आला. तासावर भाडे देऊन कोणीही आपली गाडी तेथे पळवू शके. दशक संपता संपता लाट ओसरली आणि बहुतेक केंद्रे बंद पडली, तरी त्यांनी घालून दिलेले मानक टिकले. ‘किंग’ नावाचा मार्ग १५५ फूट, म्हणजे सुमारे ४७ मीटर लांबीचा असून त्यावर वेगवेगळ्या रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या आठ मार्गिका व बाहेरची कड उंच उचललेले एक तीव्र उताराचे वळण असते. सर्वांत वेगवान गाड्या ही फेरी दोन सेकंदांच्या आत पुरी करतात. आतल्या व बाहेरच्या मार्गिका सारख्या नसल्याने प्रत्येक स्पर्धक पाळीपाळीने आठही मार्गिकांवर धावतो आणि एकूण फेऱ्यांवर निकाल लागतो. ही पद्धत खेळातील सर्वांत न्याय्य गोष्ट म्हणावी लागेल. निसटलेली गाडी परत खाचेत ठेवण्याचे काम मार्गाभोवती उभे असलेले मार्शल करतात.

नाशिकमध्ये असा मार्ग उभारायचा तर लागणारे कसब शहरात आहे. सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे मोटार आणि तिचे सुटे भाग घडवणाऱ्या हातांची येथे वाण नाही, आणि एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळ्यांवर राउटर या लाकूड कोरणाऱ्या यंत्राने खाच पाडणे हे फर्निचरच्या कारखान्यातलेच काम आहे. काळजी घ्यावी लागेल ती पावसाळ्याची, कारण दमट हवेत एमडीएफ फुगते, खाचेच्या कडा उचलल्या जातात आणि तांब्यावर चढलेल्या थरामुळे वीज अडखळत पोहोचते. त्यामुळे फळ्यांच्या कडा व खालची बाजूही रंगवून बंद करणे आणि शर्यतीपूर्वी पट्ट्या पुसून घेणे आवश्यक ठरते.