कयाकवरून मासेमारी: बंद होडी उघडी कशी झाली

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. १६८२ साली तिथल्या एडे बेटाच्या दक्षिण टोकाला लोकांना समुद्रात एक अनोळखी माणूस दिसला. एकाच माणसापुरती कातड्याची निमुळती होडी, आणि माणूस कमरेपासून खाली होडीतच शिवून टाकल्यासारखा. गावकरी आपली होडी काढून त्याला धरायला गेले, तर तो बघता बघता निसटला. दोन वर्षांनी वेस्ट्रे बेटाजवळ असाच आणखी एक दिसला. जेम्स वॉलेस या तिथल्या पाद्र्याने हे टिपून ठेवलं, आणि सोबत बेटावरच्या लोकांची तक्रारही: हे 'फिनमन' आले की मासे पळून जातात, पुढे कितीतरी दिवस हाताला काही लागत नाही. रिकामी टोपली घेऊन घरी परतणाऱ्याला कारण लागतंच. कोणी ते वाऱ्यावर ढकलतो, कोणी उधाणावर, ऑर्कनीकरांनी ते कयाकवाल्यावर ढकललं.

हे फिनमन म्हणजे व्हेलच्या शिकारी जहाजांनी ग्रीनलँडहून पकडून आणलेली आणि वाटेत सुटलेली इनुइट माणसं असावीत, असा एक तर्क आहे. ते असो. कयाकवरून मासेमारी हा गेल्या तीसचाळीस वर्षांत निघालेला नवा छंद आहे असं जाहिराती वाचून वाटतं, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. कयाक मुळात शिकाऱ्याचीच होडी. मधल्या शेसव्वाशे वर्षांत तिचा धंदा सुटला, आणि तो तिला परत मिळाला तेव्हा तिचं रूप पार पालटलेलं होतं. ते पालटलं कसं, हे कळलं की आज दुकानात उभी असलेली फिशिंग कयाक अशी रुंद, जड आणि भोकाभोकांची का असते तेही उलगडतं.

मूळ होडी उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. ग्रीनलँड आणि कॅनडाचे इनुइट, अलास्काचे युपिक आणि अल्युशियन बेटांवरचे उनांगन (ज्यांना बाहेरच्यांनी अल्यूट म्हटलं) या सगळ्यांकडे ती थोड्याफार फरकाने होती. झाडं उगवत नाहीत अशा मुलखात समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं लाकूड आणि हाडं यांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. कातडं शिवायच्या बायका, आणि शिवण अशी की सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाणी झिरपायला भोकच उरत नाही. होडी बेतायची ती मालकाच्या अंगावरून, सदऱ्याचं माप घ्यावं तशी. लांबी पसरलेल्या हातांच्या साधारण तीन वावा, रुंदी कुल्ल्यांपेक्षा जेमतेम मूठ-दोन मुठी जास्त. दुसऱ्याच्या कयाकमध्ये बसणं म्हणजे दुसऱ्याचे जोडे घालून डोंगर चढणं.

ग्रीनलँडच्या कयाकचं वरचं अंग नीट पाहण्यासारखं असतं. शिकाऱ्याच्या पुढ्यात वाटोळा छोटा माच, त्यावर हार्पून या फेकायच्या भाल्याची कातडी दोरी वेटोळं घालून ठेवलेली, ओढ लागली की न अडकता सुटत जाणारी. उजव्या हाताशी हार्पून, त्याला अडकवून ठेवायला आडव्या वाद्या आणि हाडाची बोंडं. पाठीमागे फुगवलेली सीलच्या कातड्याची पिशवी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली. सीलला हार्पून लागला की पिशवी पाण्यात टाकायची, मग जनावर ती ओढून ओढून दमतं आणि बुडी कुठे मारली तेही दिसतं. जे लागतं ते सगळं हाताच्या अंतरावर, आणि तिथे कसं पोचायचं हे न बघता ठाऊक. अंगातला जलरोधक डगला होडीच्या तोंडाला आवळून बांधलेला, म्हणून उलटी झाली तरी आत पाणी शिरत नाही आणि वल्ह्याच्या एका फटक्यात माणूस सरळ होतो. त्या पाण्यात पोहणं हा पर्यायच नव्हता. थंडी काही मिनिटांत हातपाय गारठवते. होडी बंद होती ती यासाठी.

अल्युशियन बेटांवर कयाकवरून गळही टाकत. समुद्री शेवाळाच्या लांब देठांची दोरी, लाकूड आणि हाडाचा गळ, आणि तळाशी हॅलिबट: आपल्या लेपासारखा चपटा, पण माणसाच्या वजनाचा होऊ शकणारा मासा. असलं धूड अरुंद होडीत घ्यायचं कसं? जिवंत घेतच नाहीत. आधी पाण्यातच सोट्याने मारायचं, मग होडीवर. आजही अलास्कात कयाकवरून हॅलिबट धरणारे हेच करतात, कारण जिवंत हॅलिबटची शेपटी मांडीवर बसली तर काय होईल याची कल्पना केलेली बरी.

१७४१ मध्ये रशियाने धाडलेली बेरिंगची मोहीम अलास्काला पोचली आणि मागोमाग रशियन व्यापारी पाणमांजरांच्या कातड्यांसाठी आले. पाणमांजरं मारायची कला अल्यूटांकडेच होती, म्हणून त्यांच्या बायकापोरांना ओलीस ठेवून त्यांना शिकारीला जुंपलं गेलं. कयाकला रशियनांनी 'बायदार्का' म्हटलं, आणि मधल्या तिसऱ्या भोकात स्वतः बसून फिरायची सोय करून घेतली. उत्तरेकडची पाणमांजरं संपत आली तशी ही होड्यांची पथकं दक्षिणेला कॅलिफोर्नियापर्यंत नेली; १८१२ मध्ये तिथे फोर्ट रॉस हा रशियन तळ उभा राहिला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर कयाक-मासेमारीचा 'जन्म' झाला असं आज लिहितात, तिथल्या केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या रानात शिकारी कयाक त्याच्या दीडेकशे वर्षं आधी फिरून गेल्या होत्या. त्या कोणी हौसेने नेल्या नव्हत्या, एवढाच फरक.

युरोपात कयाक पोचली ती खेळ म्हणून. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये 'रॉब रॉय' नावाच्या लाकडी होडीतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या. नॉर्वेच्या फ्रिट्झॉफ नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलँडचा बर्फ ओलांडला, हिवाळा तिथेच काढला आणि तेवढ्यात कयाक शिकून घेतली. १९०५ मध्ये आल्फ्रेड हॉयरिश या जर्मन विद्यार्थ्याने घडी होणारी कयाक केली. तिचे हक्क रोझेनहाइमच्या क्लेपर नावाच्या शिंप्याने घेतले आणि पिशवीत भरून आगगाडीने न्यायची होडी घरोघरी गेली. पुन्हा शिंपीच, हा योगायोग मला आवडतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती आल्या. या सगळ्या काळात माशांचा संबंध जवळजवळ नाहीच. गळ टाकणाऱ्या माणसाला ही होडी नकोच होती: पाय आत कोंबलेले, सामान ठेवायला जागा नाही, आणि उलटल्यावर सरळ व्हायला वर्षभराचा सराव.

गाडी वळली ती प्लास्टिकमुळे. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी कशी बनते ते कोणी पाहिलं असेल तर फिशिंग कयाकचा अर्धा इतिहास त्याने पाहिला. पोकळ साच्यात पॉलिथिनची पूड घालायची, साचा भट्टीत दोन्ही अंगांनी गरागरा फिरवायचा, पूड वितळून आतून सगळीकडे सारखी चिकटते, थंड झालं की सांध्याविना पोकळ वस्तू बाहेर. १९७० च्या दशकात कयाक अशा बनू लागल्या. फायबरग्लासची होडी खडकावर घासली की जीव कासावीस होतो. ही आपटली, ओढली, उन्हात टाकली तरी चालते. किंमतही उतरली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मालिबूला टिम नीमियर हा तरुण सर्फबोर्डांशी खेळत होता. जाड बोर्डात बसायला खोलगट जागा कोरली तर बसून वल्हवता येईल आणि पाण्यात बुड्या मारायचं सामानही नेता येईल, असा त्याचा हिशेब. ही कयाक वरून बंद नव्हती. ती मुळी आत शिरायची होडीच नव्हती. माणूस वर बसणार, खालचं पोकळ अंग हवाबंद, आणि बैठकीतून तळापर्यंत आरपार भोकं. बैठक पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, म्हणून लाटेचं पाणी आलं तरी भोकांतून आपोआप उतरून जातं. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, भोकं आहेत तर बुडत कशी नाही? नीमियरने पुढे ओशन कयाक ही कंपनी काढली, १९८० च्या दशकात हीच होडी टाकीच्या पद्धतीने साच्यातून निघू लागली, आणि उलटल्यावरचा प्रश्न सुटला. सरळ करायची, पोटावर झेपावून वर चढायचं, वळून बसायचं. अर्ध्या तासात शिकता येतं.

कोमट पाण्याच्या किनाऱ्यांवरच्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. पेरूतल्या वांचाको गावचे कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून त्यावर घोड्यावर बसावं तसे बसतात, लाटा फोडून आत जातात आणि मासे घेऊन लाटेवरूनच परततात. असल्या होड्या तिथल्या प्राचीन मोचे संस्कृतीच्या मडक्यांवरही दिसतात. तमिळनाडूचं कट्टुमरम, म्हणजे बांधलेले ओंडके, हेही तेच: आत पाणी साठत नाही, कारण 'आत' असं काही नाहीच. इंग्रजीतला कॅटमरान शब्द तिथून गेला. गंमत अशी की फिशिंग कयाकमधलं आजचं सगळ्यांत दबदब्याचं नाव, होबी, कयाकआधी जगभर गाजलं ते कॅटमरानसाठीच.

कॅलिफोर्नियातच हे का रुजलं याचं उत्तर ला होया इथे समुद्राच्या तळाशी आहे. सॅन दिएगोच्या या उपनगरासमोर पाण्याखालची खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, शेजारी केल्पचं दाट रान. इंजिनाशिवाय, वल्ह्याच्या टप्प्यात, खोल पाण्यातले यलोटेल आणि व्हाइट सीबास हे मोठे मासे. मोठा मासा लागला की हलकी कयाक त्याच्यामागे ओढली जाते. तिथली मंडळी याला घसरगाडीची सफर म्हणतात. २०१२ पासून त्या किनाऱ्याचे काही भाग मासेमारीला पूर्ण बंद आहेत, त्यामुळे तिथल्या कयाकवाल्याला आज माशांच्या जागांइतक्याच त्या हद्दीही पाठ असाव्या लागतात.

सुरुवातीला फिशिंग कयाक विकत मिळत नसे, ती घरी करायची. बैठकीमागे दुधाचा प्लास्टिकचा क्रेट दोरीने आवळायचा, त्याच्या कोपऱ्यांना प्लंबिंगच्या पाइपाचे तुकडे बांधायचे, त्यात गळाच्या काठ्या उभ्या. क्रेटमध्ये आमिषं, पकड, पाण्याची बाटली. आज कंपन्या हाच क्रेट चकचकीत करून चांगल्या दामाला विकतात. मला मात्र त्यात ग्रीनलँडच्या कयाकचा माच दिसतो: सगळं हाताच्या अंतरावर, न बघता.

हाताचा प्रश्न तरी राहिलाच. वारा होडी ढकलतोय, मासा दोरी ओढतोय, आणि वल्हं दोन्ही हात मागतंय. १९९७ मध्ये होबीने पायाने चालणारं यंत्र आणलं: तळाखाली दोन लवचिक पंख, पेंग्विनच्या पंखांसारखे, पायाच्या रेट्याने डावी-उजवीकडे झुलणारे. इतर कंपन्यांनी पायांनी फिरणारा पंखा लावला, ज्याने उलटं मारून मागेही जाता येतं. मागे जायची सोय मूळ पंखांना बरीच वर्षं नव्हती. हात मोकळे झाले, मग उभं राहायची हौस आली, मग रुंदी वाढली. ग्रीनलँडची कयाक अर्धा मीटर रुंद आणि एका माणसाला सहज उचलण्याजोगी. आजची मोठी फिशिंग कयाक मीटरभर रुंद आणि सामानासकट साठेक किलो, तिला पाण्यापर्यंत न्यायला चाकं लागतात. जुन्या खेळियांना याचा राग येतो. मला येत नाही, पण पहिली होडी म्हणून ती घेऊ नये असं वाटतं. वल्ह्याची साधी, साडेतीन मीटरच्या आसपासची घ्या. वारा आणि प्रवाह अंगाला कळायला लागू देत.

स्पर्धांनी आणखी एक गोष्ट रुळवली. कयाकवर मासे जिवंत ठेवायला टाकी नाही, म्हणून मोजपट्टीवर मासा आडवा ठेवायचा, स्पर्धेचा खुणेचा क्रमांक दिसेल असा फोटो काढायचा आणि मासा सोडून द्यायचा. निकाल सेंटिमीटर-इंचांवर, किलोवर नाही. अमेरिकेतली बास माशांची मोठी संघटना बी.ए.एस.एस. हिनेही २०२० पासून कयाकची वेगळी मालिका सुरू केली.

आमच्या कोकणात गळाने मासे धरायला 'गरवणं' म्हणतात, आणि गरवायला जाणं हा सुट्टीतला जुना उद्योग. तारकर्ली-देवबागच्या पाण्यात भाड्याच्या कयाक आल्या तेव्हा एकीवर गरी घेऊन जायची बुद्धी मलाही झाली. खाडीत ओहोटीला लहान नांगर टाकला आणि सोयीचा म्हणून बैठकीच्या बाजूला, उजव्या अंगाला बांधला. पाण्याने जोर धरला तशी होडी आडवी झाली, नांगराकडची कड खाली दबली, आणि मी चणक माशाचं स्वप्न बघत असतानाच पाण्यात. लाइफ जाकीट अंगात होतं म्हणून फक्त लाज गेली. नंतर कळलं की यावर उपाय केव्हाच निघालाय: होडीच्या कडेने दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी, जिने नांगराचं टोक नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंवा मागे सरकवता येतं, आणि जोराच्या पाण्यात नांगर टाकायचाच नाही हा त्याहून सोपा उपाय. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, बिनयांत्रिक होड्यांना त्यातून सूट आहे; पण ती सूट दर्याने दिलेली नाही.

ओला होऊन किनाऱ्याला लागलो तर एक म्हातारे आजोबा जाळं विणत बसले होते. त्यांनी कयाककडे खालून वरून पाहिलं, बोट भोकात घालून पाहिलं, आणि विचारलं, "ह्येची उलांडी खंय रे?" उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला ओंडका, आमच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या वापरलेला. मी म्हटलं, आजोबा, हिला नसते. घरी येऊन कयाकच्या सामानाची यादी उघडली. होती की: फुगवायची, पिवळी, दोन्ही बाजूंना एकेक.