पेराएवढी पट्टी आणि पिचरची कारकीर्द

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी तट्ट उभी राहील. आपण सगळे तिला शीर म्हणतो, पण ते टेंडन आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, पामॅरिस लाँगस नावाच्या स्नायूचं. काही जणांना ते जन्मापासूनच नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. मूठ तितकीच घट्ट वळते. हा जवळजवळ बिनकामाचा दोरा गेली पन्नास वर्षं बेसबॉलमध्ये बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या पिचरांना पुन्हा मैदानात उभं करतो आहे.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला पिचरचं काम सोपं वाटतं. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलकाच. अंतर १८.४४ मीटर. टप्पा पाडायचा नाही, कोपर सरळ ठेवायचं बंधन नाही. पण वेगवान गोलंदाज लांबून धावत येतो आणि त्या धावेचा वेग चेंडूला देतो. पिचरला धाव नाही. सुमारे २५ सेंटिमीटर उंचीच्या मातीच्या माउंडवर, रबरी फळीला एक पाय टेकवून, उभ्या जागेवरून ताशी १५० किलोमीटर काढायचे. तो जोर मागच्या पायातून निघतो आणि कंबर, धड, खांदा, कोपर, बोटं असा चाबकासारखा पुढे सरकत जातो. गोलंदाजाची पाठ मोडते, पिचरचं कोपर, ते याचमुळे.

पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम सातवा भाग जातो. पाय टेकतो, धड बॅटरकडे वळतं, पण हात मागेच राहिलेला असतो. कोपर काटकोनात वाकलेलं, आणि पंजा मागे इतका कललेला की कोपरापासून पुढचा हात जमिनीला जवळपास समांतर. मग खांदा आतल्या बाजूला फिरतो, सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने. त्याच गतीने फिरत राहता आलं असतं तर सेकंदात एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते.

कोपर म्हणजे बिजागरी. दार उघडावं-मिटावं तसं ते चालतं. बिजागरीला बाजूला वाकवायला गेलात तर स्क्रू उखडतात. त्या मागे कललेल्या क्षणी नेमकं हेच होतं. खांदा पुढे ओढतो, पंजा मागे रेंगाळतो आणि कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवते ती अल्नार कोलॅटरल लिगामेंट: दंडाच्या हाडाला हाताच्या आतल्या हाडाशी बांधणारी, बोटाच्या एका पेराएवढी पट्टी. प्रयोगशाळेत मोजलेला हा पीळ व्यावसायिक पिचरांमध्ये ६४ न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. म्हणजे पंजात अठराएक किलोचं वजन लटकवून कोपर बाजूला वाकवल्यासारखं. मृतदेहांच्या कोपरांवर चाचण्या केल्या तेव्हा ही पट्टी साधारण ३२ ते ३४ न्यूटन-मीटरलाच तुटली.

मग पहिल्याच फेकीला ती तुटत कशी नाही? कारण उरलेला भार हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू उचलतात, मनगट आणि बोटं मिटवणारे. पिचरचं अर्थशास्त्र या वाटणीवर चालतं. स्नायू ताजे असतील तर पट्टीच्या वाट्याला सोसवेल इतकंच येतं. सामन्याच्या नऊ डावांपैकी सहाव्या-सातव्या डावात ते थकले की तिचा वाटा वाढतो. स्नायू व्यायामाने कमावता येतो, पट्टी त्या मानाने फारच थोडी. त्यामुळे जिममध्ये घाम गाळून वेग वाढवणारा तरुण पिचर इंजिन मोठं करत जातो, बिजागरी मात्र जुनीच राहते.

पट्टी कधी एका फेकीत ‘टक’ करून तुटते. बहुतेकदा आधी ती झिजते, सुतळीचे धागे एकेक सुटावेत तशी. कोपराच्या आत दुखणं हे लक्षण सगळ्यांना कळतं. त्याआधीची खूण म्हणजे वेग दोन-तीन किलोमीटरने उतरणं आणि चेंडू मनाविरुद्ध वर जाऊ लागणं. करंगळीत झिणझिण्या येऊ लागल्या तर शेजारून जाणारी नसही (मज्जातंतू) ताणली जाते आहे असं समजावं. ‘वळणाऱ्या चेंडूंमुळे कोपर जातं’ हा समज जुना आहे, पण मोजमापांत सर्वाधिक भार सरळ वेगवान चेंडूचाच निघतो, किंवा दोन्हींचा सारखा.

बिघाड दुसरीकडूनही येतो. १९३७च्या ऑल-स्टार सामन्यात पिचर डिझी डीनच्या पायावर चेंडू आदळून अंगठा मोडला. तो लवकर परतला, दुखरा पाय सांभाळायला फेकण्याची ढब बदलली आणि हात गमावून बसला. चाबकाच्या मुठीशी गडबड झाली की टोकाला फटका बसतो. दुसरा पिचर सँडी कूफॅक्स याने १९६६च्या हंगामात २७ सामने जिंकले आणि कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच खेळ सोडला. त्या काळात ‘हात मेला’ एवढंच निदान होतं, आणि त्यावर उपाय म्हणजे दुसरी नोकरी.

१७ जुलै १९७४ला लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याचा डावा हात असाच मेला. त्या हंगामात तेरा विजय, तीन पराभव अशी त्याची घोडदौड चालू होती. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातलं टेंडन काढून डाव्या कोपरात बसवलं. यश येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५चा हंगाम गेला. १९७६मध्ये तो परतला आणि १९८९पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

कृती आता चांगलीच बसली आहे. कोपराच्या आतल्या बाजूला छेद देतात, स्नायू न कापता धाग्यांच्या दिशेने फाकवतात, नस जपतात. आतल्या हाडात दोन भोकं पाडून त्यांचा बोगदा करतात, दंडाच्या हाडातही तसंच. भोकांचा व्यास तीन-चार मिलिमीटर. त्यांतून सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचं टेंडन इंग्रजी आठच्या आकारात ओवतात, ताणून शिवतात आणि जुन्या पट्टीचे अवशेष त्यावर टाचून टाकतात. पामॅरिस नसलेल्यांना मांडीमागचं टेंडन चालतं. हल्ली काही ठिकाणी सोबत मजबूत कृत्रिम फीतही बसवतात.

खरी कसोटी पुढेच. बसवलेलं टेंडन सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतं. त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू ते लिगामेंटसारखं वागू लागतं. याला महिने लागतात आणि त्यात घाई चालत नाही. पहिले काही आठवडे कोपर पट्ट्यात, रोज थोडं थोडं मोकळं करत. चार-पाच महिन्यांनी पहिली फेक: जेमतेम १४ मीटरवर, पंचवीस फेकी, विश्रांती, पुन्हा पंचवीस, दिवसाआड. मग १८, २७, ३७ मीटर. नवव्या महिन्याच्या आसपास माउंड, तोही निम्म्या जोराने आणि फक्त सरळ चेंडू. सामना वर्षभरानंतर, अनेकदा चौदा-पंधरा महिन्यांनी. सर्वांत धोक्याचा काळ सहाव्या महिन्याचा: दुखत काहीच नसतं, खांदा ताजा असतो आणि हात शिवशिवत असतात.

बहुतेक पिचर परततात, आणि इथेच गफलत झाली आहे असं मला वाटतं. दुरुस्ती सोपी वाटू लागल्यावर मोडतोडीची भीती गेली. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतल्या सरळ चेंडूचा सरासरी वेग २००८मध्ये ताशी १४७ किलोमीटर होता, २०२४मध्ये १५१.६ झाला, आणि आजच्या पिचरांपैकी साधारण एक तृतीयांश जणांच्या कोपरावर हा व्रण आहे. शस्त्रक्रियेने वेग वाढतो, अशी समजूत करून घेऊन धडधाकट मुलाचं कोपर कापून द्या म्हणणारे पालकही डॉक्टरांना भेटतात. वाढतो तो वर्षभराच्या शिस्तीच्या व्यायामाने. लहान मुलांत तर पट्टीआधी हाडाची वाढती कूर्चाच उचकटते. म्हणूनच अमेरिकेत दिवसाच्या फेकींना वयानुसार मर्यादा सुचवल्या आहेत: ९-१० वर्षांना ७५, ११-१२ला ८५, १७-१८ला १०५.

भाला फेकतानाही कोपर असंच उघडतं. २००८मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघेही मूळचे भालाफेकपटू होते. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानच्या शोहेई ओहतानीच्या उजव्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या. २०२४चं पूर्ण वर्ष तो फक्त बॅटिंग करत होता आणि जून २०२५मध्ये माउंडवर परतला. दुसऱ्या खेपेचे निकाल पहिल्याइतके चांगले येत नाहीत, तरी हे जमलं.

पिचर नोलन रायन मात्र या हिशेबात बसत नाही. सत्तावीस हंगाम, ५,७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), आणि तेही मुख्यतः वेगावर. निवृत्ती आधीच जाहीर झाली होती. २२ सप्टेंबर १९९३ला, सिअ‍ॅटलमध्ये, पहिल्याच डावात त्याची ती पेराएवढी पट्टी तुटली. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.