राहत्या घराचे वाटप (कोल्हापूर)

एकत्र कुटुंबाच्या सामाईक घरावर भाऊ, बहिणी, आई किंवा त्यांचे वारस हक्क सांगू लागले, की तो हक्क ठरवून ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा करण्याची कायदेशीर प्रक्रिया. सोपा, माजघर, माडी आणि मागे परडे असलेल्या घरात दोन-तीन पिढ्या विनातक्रार नांदतात. वाद उभा राहतो तो बहुधा घर पाडून नवे बांधायचे किंवा बिल्डरला द्यायचे ठरल्यावर, कारण तेव्हा सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात.

घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘नाव कोणाचे आहे’ हा. न्यायालय मात्र आधी ‘घर आले कोठून’ हे पाहते. शहरातील घराची नोंद नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर वॉर्ड आणि सि. स. (सिटी सर्व्हे) नंबरने असते, खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहिलेले आढळते. त्याने तो एकटा मालक होत नाही. वारसनोंद किंवा फेरफार मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. घरफाळ्याच्या पावत्यांचेही तेच. एक भाऊ घरात राहिला आणि बाकीचे नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेले, म्हणून गेलेल्यांचा हक्क बुडत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने असल्याचे मानले जाते. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून बारा वर्षे ताबा ठेवल्याचे सिद्ध झाले, तरच चित्र बदलते.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर स्वकष्टार्जित. ते मृत्युपत्राने कोणालाही देता येते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना सारखे वाटे मिळतात. आजोबांचे घर ते सगळे वडिलोपार्जित, हा समज फार खोल रुजलेला आहे आणि त्यापायी कित्येक नातवंडे वाया जाणारे दावे लावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या चंदर सेन निकालानुसार, आजोबांचे स्वकष्टार्जित घर या अधिनियमाच्या कलम ८ खाली वडिलांना मिळाले, तर ते वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. वडील हयात असताना नातवाला त्यात जन्मसिद्ध हिस्सा नसतो.

एकत्र कुटुंबाच्या घराचे गणित वेगळे. शेजारच्या सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला मगदूम खटला त्यासाठी आजही वाचावा. दोन घरे, दोन दुकाने आणि जमीन. घरच्या कर्त्या पुरुषाचे १९६० साली निधन. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झाले असे गृहीत धरले. पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना पाव-पाव. मग पतीची पाव सहा वारसांत. विधवेला ७/२४ मिळाले. मुलग्यांच्या वाट्यालाही त्या हिशेबाने तेवढेच येते, मुलीच्या वाट्याला मात्र १/२४. आजच्या कायद्याने तोच हिशेब केला, तर सहाही जणांना प्रत्येकी १/६ येतो.

हा फरक मुलींना जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलग्यांसारख्याच हिस्सेदार, मानल्याने पडला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्यापूर्वी लग्न न झालेल्या मुलींपुरता, तो हक्क दिला. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित मुलीही त्यात आल्या, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपे मात्र कायम राहतात. राहत्या घरापुरता त्याहून मोठा बदल उत्तराधिकार अधिनियमातील कलम २३ वगळण्याचा. भाऊ स्वतः वाटप करीत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराचे वाटप मागता येत नसे. म्हणजे हक्क होता, पण तो मागायची सोय नव्हती. ती अट २००५ साली गेली. तरीही साडीचोळीवर हक्कसोडपत्र करून घेण्याची रीत टिकून आहे. माहेर तुटेल या धास्तीने दिलेली सही खुशीची म्हणणे कठीण. पण नोंदलेले हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय रद्द होत नाही.

हे नियम हिंदूंबरोबर जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहेत. मुस्लिम कुटुंबांत जन्मतः हक्क नसतो. वारसा मृत्यूनंतर उघडतो.

एखाद्या भावाने आपला हिस्सा परक्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ मुळे खरेदीदाराला अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा केलाच, तर वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा परत घेऊ शकतो.

दाव्यात प्राथमिक हुकूमनामा हिस्से ठरवतो. नंतर कोर्ट कमिशनर जागेवर येऊन ‘सरस-निरस मानाने’, म्हणजे बऱ्या-वाईट भागाचा मेळ घालून, वाटप सुचवतो: रस्त्याकडची खोली कोणाला, जिना सामाईक की कसे. मग अंतिम हुकूमनामा. घर विभागण्याजोगे नसेल, तर एकाने इतरांना पैसे देऊन ते ठेवावे किंवा विकून रक्कम वाटावी, असा आदेश होतो. दुसरे अपील उच्च न्यायालयात आणि तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरातच सुरू झाले आहे.