पट भरणारी मैदाने : अमेरिकेतली लहान महाविद्यालये खेळ कसे निवडतात

३१ मे २०२४. अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज त्या दिवशी कायमचे बंद झाले. १८५६ पासूनचा वारसा सांगणारी ही संस्था. त्याच दिवशी तिचा बेसबॉल संघ दूर ओहायोतल्या ईस्टलेक गावी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात खेळत होता. पहिला सामना ते हरले. दुसऱ्या दिवशी जिंकले. तिसऱ्या दिवशी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर विद्यापीठाने त्यांना शेवटच्या डावात एका धावेने हरवले. अंगातल्या सदऱ्यावर ज्या महाविद्यालयाचे नाव होते, ते तोवर उरलेले नव्हते.

पैशाअभावी बंद पडणाऱ्या महाविद्यालयाकडे इतका चांगला संघ कसा, असा प्रश्न कुणालाही पडेल. आपल्याकडे आधी शिक्षकांचे पगार आणि इमारतीची डागडुजी, मग उरले तर जिमखाना. अमेरिकेतल्या लहान महाविद्यालयांत हा क्रम जवळपास उलटा आहे, आणि तो तसा का झाला हे समजायला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

आधी एका शब्दाचा खुलासा. ‘व्हार्सिटी’ हे ‘युनिव्हर्सिटी’चेच बोलीतले रूप. व्हार्सिटी संघ म्हणजे महाविद्यालयाचा अधिकृत संघ : पगारी प्रशिक्षक, प्रवासखर्च, दवापाणी, सगळे महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकातून. मुलांनी आपसात पैसे काढून चालवलेला संघ म्हणजे क्लब. एखादा खेळ क्लबमधून व्हार्सिटीत नेणे हा म्हणूनच पैशाचा निर्णय असतो.

पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली ३ ऑगस्ट १८५२ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर. हार्वर्ड आणि येल यांच्यातली होड्यांची शर्यत. मुलांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण तिला त्या बाजूला सहलीचे प्रवासी न्यायचे होते. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्याच पानावर खेळ आणि गिऱ्हाईक एकत्र आलेले दिसतात. सात वर्षांनी, १ जुलै १८५९ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स या दोन लहान महाविद्यालयांनी पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना खेळला. ॲम्हर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. तेव्हाचे संघ विद्यार्थ्यांचेच होते. मुलेच वर्गणी काढत, मुलेच कर्णधार निवडत आणि प्राध्यापक मंडळी लांबून कपाळाला आठ्या घालून बघत.

मग फुटबॉल आला. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवाला. त्याला तिकीट लावता येत होते. मैदानावर इतके मृत्यू होऊ लागले की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. त्या खळबळीतून १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणारी जी संघटना उभी राहिली, तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात.

त्या काळात लहान महाविद्यालयालाही मोठे स्वप्न पडू शकत होते. केंटकीतल्या डॅनव्हिल गावचे सेंटर कॉलेज, विद्यार्थी तीनशेच्या आत. २९ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांच्या संघाने हार्वर्डला हार्वर्डच्या मैदानावर ६-० असे हरवले. गावात जागोजागी ‘सी६ एच०’ असे रंगवले गेले, रसायनशास्त्रातल्या सूत्रासारखे. मला हा प्रसंग फार आवडतो, पण त्याने नुकसानही बरेच केले असावे. त्यानंतर कितीतरी लहान महाविद्यालयांच्या विश्वस्तांना वाटले असेल, आपणही एक दिवस हार्वर्डला हरवू. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने महाविद्यालयीन खेळांचा मोठा अहवाल काढला. खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे देणे हा अपवाद राहिलेला नसून ती रीत झाली आहे, हे त्यातून उघड झाले.

तिकिटांवर खेळ चालवण्याचे गणित लहानांना पेलले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टीव्ही आला आणि लोक घरी बसून मोठ्यांचे सामने पाहू लागले. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल संघ सर्व ९ सामने जिंकला. ओली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना मागे ठेवून हंगामानंतरच्या बड्या सामन्याला जाणे त्या मुलांनी नाकारले. हंगाम संपल्यावर तोट्याचे कारण देऊन संघच गुंडाळला गेला. त्याच वर्षी जॉर्जटाउननेही फुटबॉल थांबवला.

लहानांनी आपली वेगळी घरेही बांधली. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या सहभागाने १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत लहान महाविद्यालयांची स्पर्धा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे एनएआयए ही संघटना वाढली. ती आजही आहे, आणि तिच्यात खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येते. १९७३ मध्ये एनसीएएने आपल्या सभासदांचे तीन भाग केले. पहिल्या दोन श्रेणींत खेळासाठी शिष्यवृत्ती. तिसऱ्या श्रेणीत ती अजिबात नाही. आज या तिसऱ्या श्रेणीत सुमारे ४३० महाविद्यालये आणि जवळपास २ लाख खेळाडू आहेत, म्हणजे तिन्हींत सर्वांत मोठी श्रेणी हीच. पण एनसीएएच्या उत्पन्नातला तिचा वाटा ३.१८ टक्के ठरलेला आहे, आणि तोही मुख्यतः राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यात जातो. तिकीटविक्री नगण्य, टीव्हीचे पैसे नाहीत.

मग पैसा येतो कुठून? मुलांच्या फीमधून. हे कळले की उरलेला इतिहास उलगडत जातो.

बर्मिंगहॅम-सदर्न काही काळ पहिल्या श्रेणीत होते. २००६ मध्ये विश्वस्तांनी शिष्यवृत्त्यांचा खर्च झेपत नाही म्हणून तिसऱ्या श्रेणीत उतरायचे ठरवले आणि त्याच बदलात अनेक दशकांपूर्वी बंद झालेला फुटबॉल परत आणला. खर्च कमी करायचा म्हणून श्रेणी सोडायची आणि सगळ्यांत महागडा खेळ सुरू करायचा, हे वरवर विचित्र वाटते. पण फुटबॉलच्या संघात शंभर मुले असतात.

कल्पना करा, जाहीर फी ४०,००० डॉलर आहे. अमेरिकेतली खाजगी महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून अधिक सवलत देतात, म्हणजे हातात पडतात समजा १८,०००. शंभर मुलांचे झाले १८ लाख. वसतिगृह आणि मेसचे पैसे वेगळे. त्यातून प्रशिक्षकांचे पगार, हेल्मेट-पॅड, बसचे भाडे, विमा हे सगळे वजा केले तरी कागदावर बरीच रक्कम उरते. तिकिटाची खिडकी उघडली नाही तरी चालते, कारण मैदानावरचे खेळाडूच गिऱ्हाईक आहेत.

हे गणित सर्वांत उघडपणे मांडले मिशिगनमधल्या ॲड्रियन कॉलेजने. जेफ्री डॉकिंग २००५ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा पट हजाराच्या खाली गेला होता. त्यांनी स्टेडियम उभारले, आइस हॉकीसाठी बर्फाचे मैदान बांधले, नवे खेळ सुरू केले आणि प्रत्येक प्रशिक्षकाला दर वर्षी किती मुले आणायची याचा आकडा दिला. बर्फाचे मैदान महाग, म्हणून त्यावर एकाहून अधिक हॉकी संघ आणि स्केटिंगचेही संघ उतरवले. काही वर्षांत पट जवळपास दुप्पट झाला आणि इतर महाविद्यालयांचे लोक ही पद्धत शिकायला येऊ लागले. तुकडी टिकावी म्हणून उन्हाळ्यात गावोगाव, घरोघर फिरून पट गोळा करणारे गुरुजी आपण महाराष्ट्रात पाहिले आहेत. तिकडच्या लहान महाविद्यालयातला प्रशिक्षक नेमके तेच काम करतो, फक्त तो शाळांच्या मैदानांवर जातो.

खेळ निवडताना आणखी काही गोष्टी पाहिल्या जातात. तिसऱ्या श्रेणीत हजाराहून अधिक पट असलेल्या महाविद्यालयाला मुलांचे ६ आणि मुलींचे ६ खेळ चालवावेच लागतात. त्याहून लहान असेल तर ५ आणि ५. क्रॉस कंट्री (म्हणजे माळरानावरची लांब पल्ल्याची धाव), हिवाळ्यातले बंदिस्त ॲथलेटिक्स आणि उन्हाळ्यातले मैदानी ॲथलेटिक्स हे तीन वेगळे खेळ धरले जातात, पण धावपटू बरेचसे तेच असतात आणि प्रशिक्षकही बहुधा एकच. आकडा भरायचा तर याहून स्वस्त मार्ग नाही. शेजारची महाविद्यालये काय खेळतात हेही बघावे लागते, नाहीतर प्रत्येक सामन्यासाठी दहा तासांची बस. मैदाने आणि होड्या पुष्कळदा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून येतात, पण देणगीदाराला आपण खेळलो तोच खेळ हवा असतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, कायदा. २३ जून १९७२ रोजी निक्सन यांनी सही केलेल्या शिक्षण कायद्यातले ‘टायटल नाइन’ हे कलम सांगते की केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांचा त्यात मोठा वाटा. १९७९ च्या नियमावलीने तीन कसोट्या दिल्या. त्यांतली पहिली म्हणजे पटावर मुलींचे जे प्रमाण, तेच खेळाडूंत असावे. ही जमत नसेल तर मुलींचे खेळ सतत वाढवत नेल्याचा इतिहास दाखवा, किंवा मुलींची आवड पुरी भागते हे सिद्ध करा.

या कायद्याची मोठी लढाई एका लहान महाविद्यालयावरूनच झाली. पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी कॉलेजने, आम्ही सरकारी पैसा घेतच नाही, असे म्हणत अनुपालनाच्या कागदावर सही नाकारली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विद्यार्थ्यांना मिळणारे केंद्राचे साहाय्य म्हणजेही सरकारी पैसाच, पण कायदा लागू होईल तो फक्त ज्या विभागाला पैसा मिळतो त्याला. त्यामुळे खेळ विभाग चार वर्षे सुटले. १९८८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून नवा कायदा केला आणि सारी संस्था पुन्हा कक्षेत आली.

आज लहान महाविद्यालयांत मुलींची संख्या बहुधा जास्त असते. मुलगे हवेत म्हणून फुटबॉल आणला की शंभर मुलगे येतात, मग प्रमाण राखायला मुलींचे लॅक्रॉस (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ), रोइंग म्हणजे होड्यांची शर्यत, कुस्ती. मुलींच्या कुस्तीला एनसीएएने २०२५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाची मान्यता दिली. एनएआयएतल्या लहान महाविद्यालयांनी ती वाट आधीच पाडली होती. मुलींसाठी दार उघडले ते पटाच्या गरजेपोटी का होईना, पण उघडले, याचे मला मोल वाटते.

श्रीमंत लहान महाविद्यालयांत मात्र हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला जातो. तिथे अर्जांची रांग असते. कमतरता जागांची. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल बंद केला. पट सुमारे १,४००. एवढ्याशा संस्थेत फुटबॉलचा पूर्ण संघ ठेवायचा तर दर वर्षी प्रवेशाच्या जागांचा मोठा घास एकाच खेळाला द्यावा लागतो, मग वाद्यवृंदातली किंवा गणितात चमकणारी मुले कुठे बसवायची? माजी खेळाडू संतापले, निर्णय बदलला नाही. मिशिगन विद्यापीठात खेळाडू हजारो मुलांत हरवून जातात; लहान निवासी महाविद्यालयात ते पटाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही असू शकतात. एक खेळ वाढवला तर वर्गाचा चेहरा बदलतो.

कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने तिसरीच वाट धरली. नव्वदच्या दशकात अध्यक्ष इव्हान डोबेल यांना संस्थेचे नाव देशात गाजवायचे होते. स्क्वॉशला माणसे थोडी लागतात आणि चांगले खेळाडू जगभर विखुरलेले असतात. प्रशिक्षक पॉल असैयांते यांनी देशोदेशीची मुले आणली आणि १९९८ पासून त्यांचा संघ सलग २५२ सामने जिंकला. जानेवारी २०१२ मध्ये येलने ती मालिका तोडली. त्या वर्षांत मुंबईचे मानेक माथूर आणि विक्रम मल्होत्रा ट्रिनिटीकडून खेळले.

बर्मिंगहॅम-सदर्नचे पाऊल मग कुठे घसरले? एकट्या खेळांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. २०१० मध्ये विद्यार्थ्यांना द्यायच्या आर्थिक साहाय्याच्या हिशेबात मोठी चूक सापडली, ठेवी आटत गेल्या, आणि अखेर राज्याकडे मागितलेले कर्ज मिळाले नाही. पण पटाच्या गणितातली एक फट सगळीकडे सारखीच आहे. संघासाठी आलेला मुलगा एरवी आलाच नसता, तरच त्याची फी जास्तीची. ती भरमसाट सवलत देऊन मिळवली असेल तर फायदा विरतो. शेजारच्या पाच महाविद्यालयांनी तेच खेळ सुरू केले की मुले वाटली जातात. शंभरांच्या संघात मैदानावर उतरायला मिळतात थोड्यांना, आणि बाकावर बसून कंटाळलेली मुले दुसऱ्या वर्षी निघून जातात. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्म घटले, ती पिढी आता अठराची होते आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही हल्ली अकरावीतल्या मुलाला किंवा मुलीला अशा प्रशिक्षकाचा फोन येतो आणि घरात आनंद पसरतो. तो रास्तच आहे. तरी तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, जी रक्कम कागदावर दिसते ती गुणांवरची किंवा गरजेवरची असते, आणि मूल उद्या संघातून बाहेर पडले तरी ती तशीच राहायला हवी, एवढे आईवडिलांना ठाऊक असावे. प्रशिक्षकाला दोन आकडे जरूर विचारावेत : तीन वर्षांपूर्वी संघात पहिल्या वर्षाची किती मुले आली, आणि त्यांतली आज किती उरली.